नोकरीतला खोकला

दादा जाऊन आज सतरा दिवस झाले. भेटायला माणसं येतात, खाली मान घालून बसतात, आणि मी रडायचं सोडून त्यांना बुलढाण्याच्या फौजी कचेरीतले किस्से सांगत बसतो. आईला ते आवडत नाही. पण मी काय करू? वर्षभर मी दादाला घेऊन त्या कचेरीच्या ओट्यावर बसलो. नंबर लागेपर्यंत सकाळची दुपार व्हायची. जर्मन-जपानच्या लढाईवरून परत आलेली दहा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात कागद, आणि बोलण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. तिथले किस्से आपण गोळा करत नाही. ते अंगाला चिकटून घरी येतात आणि मग झटकले तरी निघत नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. तेव्हा जसं आठवेल तसं सांगतो. मध्ये थांबलो तर थोडं थांबा.

*

ओट्यावर सगळ्यात जुने हवालदार जयराम. एक पाय ब्रह्मदेशात राहिला. नव्या माणसाला नियम समजावून सांगायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दादाचा खोकला ऐकून त्यांनी आम्हाला जवळ बसवलं.

"पाह्य किसना," ते दादाला म्हणाले, "फौजी दवाखान्यात फुकट खाट पायजे असंन तर नुसता फौजी असून भागत नाई. दुखनंई फौजेतलंच लागते. घरून नेलेलं चालत नाई. घरी आल्यावर झालेलं चालत नाई. नोकरीत असताना धरलेलं पायजे, आन् ते कागदावर पायजे."

मी विचारलं, "तुमचा पाय तर नोकरीतच गेला. तुम्ही काऊन बसून राह्यले इथं?"

हवालदारांनी आपला कागद दाखवला. डावा पाय गेलेला, पण कुण्या लिहिणाऱ्यानं उजवा लिहिला होता. सरकारनं कागद पाहून लाकडी पाय पाठवला, तो उजवा. सुंदर पॉलिश केलेला, पट्ट्यासकट. तो त्यांच्या घरी खुंटीवर टांगलेला होता.

"मंग बदलून मांगा ना," मी म्हणालो.

"मांगत नाई बे. कागद बदलनं लय अवघड असते. त्यायले पाय बदलनं सोपं वाटलं तर?"

*

दुसरे रहमानभाई, रोहिणखेडचे. तोफखान्यात मोटार चालवायचे. तोफांच्या आवाजानं दोन्ही कान गेले. माणूस मोठा दिलदार, पण बोलायचा इतक्या मोठ्यानं की घाटाखाली ऐकू जावं.

त्यांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर साहेबांनी त्यांच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. रहमानभाई हलले नाहीत. डबा आपटला. हलले नाहीत. साहेब लिहायला बसणार, तेवढ्यात बाहेरून मोठा साहेब आला आणि शिपायानं हाक दिली, "सावधान!" खोलीतले चार फौजी ताठ झाले. त्यांचे खांदे हललेले पाहून रहमानभाईही खाडकन ताठ झाले, टाचा जुळवून.

डॉक्टर साहेबांनी लिहिलं, ऐकू येतं.

रहमानभाई बाहेर आले आणि त्यांनी कागद हवालदारांपुढे धरला. कागद इंग्रजी होता. "क्या लिखा है?"

"आयकू येते असं लिव्हलं," हवालदार म्हणाले.

"काय?"

"आयकू येते!"

"काय?"

शेवटी हवालदारांनी मातीत बोटानं लिहून दाखवलं. रहमानभाईंनी ते वाचलं, पायानं पुसलं, आणि बराच वेळ आपल्या चपलांकडे पाहत बसले. आम्ही तोपर्यंत हसत होतो. मग कुणी हसलं नाही.

*

आता दादाचं सांगतो.

आमच्या वडनेर भोलजीहून नांदुऱ्याला बैलगाडीनं, नांदुऱ्याहून बुलढाण्याला मोटारीनं. मोटारीत दादा इतका खोकलायचा की शेजारची माणसं पोरं मांडीवर घेऊन मागं सरकायची. गावच्या वैद्यानं हात टेकले होते. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीचा क्षय आहे, फौजी दवाखान्यात खाट मिळाली तर माणूस वाचेल, नाहीतर घरी काही होणार नाही. एवढंच होतं सगळं. खाट.

त्या दिवशी मी दादाला चारदा सांगितलं, "आत गेला का वाकून बस. खोकला आला तर दाबू नको."

"हाव," दादा म्हणाला.

नंबर लागला. मी दारातून पाहत होतो. साहेब आले आणि दादा उभा राहिला. छाती पुढं, हनुवटी वर, हात मांडीला चिकटलेले. चार वर्षांपूर्वी भरतीला गेला होता तसा. खोकला नाही की काही नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दारातून दिसत होत्या.

"कैसा है, जवान?"

"ठीक है, साब."

मला राहवलं नाही. मी आत घुसलो आणि ओरडलो, "झूठ बोलता है, साब, ये मर रहा है!" शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. साहेबांना वाटलं, खाटेसाठी नाटक करणारं घर आहे.

बाहेर आल्यावर दादा कडुनिंबाला धरून पाऊण तास खोकलत होता. मी रागानं पाणीसुद्धा दिलं नाही. ते हवालदारांनी दिलं. आता आठवतं ते.

"काऊन केलं असं?" मी विचारलं.

दादानं तोंड पुसलं. "साहेबासमोर खोकलता येते का बे?"

*

दुसऱ्या वेळी कारकूनबाबूंनी दादाचं फौजेतून सुटल्याचं बुक काढलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा कपाळावर ठेवायचा आणि मग शोधत बसायचा. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे पहा. सुटताना विचारलं होतं, काही तक्रार आहे का? तुम्ही सांगितलं, नाही. खाली तुमची सही. दुखणं नोकरीतलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं ना तुम्ही?"

दादा उठला आणि बाहेर चालायला लागला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. मोटारस्टँडवर, सगळ्यांसमोर. "खोकला होता ना तवा? तूच म्हणतो बर्म्याच्या पावसात धरला म्हणून. मंग तोंड काऊन नाई उघडलं? एक शबुद बोलला असता तर आज फिरा लागलं असतं का असं?"

दादा आपला डबा उघडून भाकरी पाहत होता. खात नव्हता, नुसती पाहत होता.

हवालदार आणि रहमानभाई आम्हाला सोडायला आले होते. हवालदार म्हणाले, "अरे, सगळ्यायनंच नाई म्हटलं. तक्रार सांगितली का दवाखान्याच्या बाजूले, महिना-दोन महिने अडकला. नाई म्हटलं का स्टेशनाच्या बाजूले. घरी जायची घाई कोनाले नसते?"

आमची तोंडं पाहून रहमानभाईंना विषय कळला. फौजेतून सुटताना ते दादाच्या मागेच रांगेत होते. ते आपल्या त्या आवाजात म्हणाले, सगळा स्टँड वळून पाहायला लागला:

"त्याले काऊन बोलतो? टपाल आलं होतं त्याले. मले दाखवलं त्यानं. मले ऐकू येत नाई, पन वाचता येते. 'तू आला नाई तर मी बोहल्यावर चढनार नाई.' तुहंच लगन होतं ना बे?"

ते टपाल मी लिहिलं होतं. माझ्या हातानं, चौथीच्या अक्षरात. दादा हळदीच्या दिवशी संध्याकाळी डोक्यावर ट्रंक घेऊन आला होता आणि मी मांडवातून पळत जाऊन त्याला मिठी मारली होती, माझी सगळी हळद त्याच्या खाकी सदऱ्याला लागली होती. तेव्हाही तो खोकलला होता. मी म्हटलं होतं, "गाडीचा धूर लागला वाटते."

नांदुरा आल्यावर दादा म्हणाला, "रहमानभाईचं काय मनावर घेतो. त्याले ऐकू येत नाई."

*

कारकूनबाबूंनी एक वाट सांगितली. दादाच्या सोबतच्या कुणी माणसानं लिहून दिलं की याला तिथं असतानाच खोकला होता, तर कागद पुन्हा वर पाठवता येईल. पण दादाच्या तुकडीतला आपल्या मुलखाचा एकही माणूस नव्हता.

मी ओट्यावर नुसतं बोललो, आणि दुसऱ्या खेपेला पाच जण साक्ष द्यायला उभे. न सांगता, न मागता. प्रत्येकानं आपापलं लिहून आणलं होतं. एकानं लिहिलं, मी किसनला मिसर देशात खोकलताना पाहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, इटलीत, बर्फात. तिसऱ्यानं बर्म्यात, चौथ्यानं बगदादला. रहमानभाईंनी तर लिहिलं होतं, "मी त्याचा खोकला माझ्या कानांनी ऐकला."

आणि पाचही कागदांत खोकल्याचा महिना एकच.

कारकूनबाबूंनी पाचही वाचले. चष्मा काढला, पुसला.

"बाबांनो," ते म्हणाले, "एवढा फिरला असता हा एका महिन्यात, तर खोकला व्हायलाही वेळ मिळाला नसता."

पण त्यांनी ते कागद फाडले नाहीत, वरही पाठवले नाहीत. घडी करून माझ्या हातात परत दिले. मग त्यांनी आपणहून नागपूरच्या मोठ्या कचेरीला लिहिलं की या माणसाला पुन्हा एकदा तपासावं. एवढं त्यांनी केलं, ते मी विसरणार नाही.

*

तपासणीची तारीख आली तेव्हा हवालदारांनी ठरवलं की किसनची तयारी करून घ्यायची. फौजी माणूस सरावाशिवाय काही करू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ओट्यावर ते साहेब होऊन बसले. रहमानभाईंची टोपी घातली. दादाला समोर उभं केलं.

"मी साहेब. मी आलो. आता तू काय करशीन?"

दादा ताठ झाला.

"नाई. नाई ना बे. ढिला हो. अजून ढिला. आता खोकल."

दादाला खोकला येईना. दिवसभर थांबत नव्हता तो, आणि आता येईना.

हवालदार चिडले. कुबडी आपटून त्यांनी परेडचा हुकूम दिला, "किसन, खोकला काढ! एक, दोन!"

दादा हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. ओट्यावरचे सगळे हसायला लागले, रहमानभाई सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून हसत होते. हसता हसता दादाला खरा खोकला आला. तो इतका आला की हवालदारांनी टोपी काढून ठेवली.

दादाला हसताना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

तो निवल्यावर हवालदारांनी त्याला जवळ ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हे पाह्य. साहेब इचारनार, सुटताना काऊन नाई सांगितलं. तवा खरं ते सांगजो. भावाचं लगन होतं, घाई होती, म्हनून नाई बोललो, असं म्हन. साहेब लोकायलेई भाऊ असतात. लिव्हीन तो."

"हाव," दादा म्हणाला.

मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणालो, "सांग दादा. माह्यं नाव घे. मले काई वाटत नाई."

*

हा शेवटचा. यानंतर मी आत जातो.

त्या दिवशी दादाला मोटारीतून मी पाठीवर घेऊन उतरलो. कापसाचं बोंड उचलावं इतकंच वजन राहिलं होतं. आतले साहेब नवे होते, केस पिकलेले. दादा उभा राहायला लागला तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. मला पाहून शिपाई पुढं आला, पण साहेब म्हणाले, "रहने दो. भाई है ना?" मी दारात उभा राहिलो.

साहेबांनी छातीला नळी लावली. पाठीला लावली. दादा खोकलला, त्यांच्या समोर, आणि रुमालाला जे लागलं तेही त्यांनी पाहिलं. मग ते टेबलाशी गेले, बुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"कब से है?"

"बर्मा से, साब," दादा म्हणाला. बरोबर बोलला. मी श्वास सोडला.

साहेबांनी लिहिलं. मग ती ओळ त्यांना दिसली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं, पण आवाज चढवला नाही. उलट खुर्ची दादाजवळ ओढली.

"यहाँ लिखा है, छूटते वक्त कोई तकलीफ नहीं. देखो जवान, मैं लिखना चाहता हूँ. मुझे बस एक वजह दे दो. उस दिन तुमने बताया क्यों नहीं?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. मी दारातून मान हलवली, सांग, सांग म्हणून.

दादानं साहेबांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता. माझ्याकडे पाहतच म्हणाला, "उस दिन मुझे कुछ नहीं था, साब."