रघूत्तमरावांचा पंचलोही ब्रेक

कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या रघूत्तमरावांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. चुका व्हायच्या त्या वस्तूंच्या हातून.

चौऱ्याऐंशी साली ते बॉल बॅडमिंटन खेळत. हरले की बॅट वाईट. म्हणून मद्रासहून नवी बॅट मागवली. ती घेऊनही हरले तेव्हा तात वाईट निघाली, तात बदलली तेव्हा मावळतीचं ऊन डोळ्यांवर येऊ लागलं. सूर्य बदलून मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी खेळच सोडला.

मग शनिवारचं भजन. रघूत्तमराव टाळ वाजवायचे आणि ठेक्याच्या हमखास मागे राहायचे. दोष अर्थात टाळांचा. जवळच्या स्वामीमलै गावचा सुब्रह्मण्य स्थपती मूर्ती ओतायचा, शिवाय त्यांच्या दुकानाला समयाही पुरवायचा. त्याच्याकडून त्यांनी खास टाळजोडी ओतून घेतली. नाद असा खणखणीत की रघूत्तमराव कुठे चुकतात हे पूर्वी फक्त शेजारी बसलेल्याला कळायचं, ते आता गल्लीच्या टोकापर्यंत कळू लागलं. मंडळींनी त्यांना प्रसाद वाटायचं काम दिलं. रघूत्तमरावांना वाटलं, बढती मिळाली.

दुकान मात्र उत्तम चालायचं, कारण ते त्यांची बायको विजयलक्ष्मी चालवायची. गिऱ्हाइकाशी तमिळ, नवऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या घरची जुनी मराठी, आणि तोलताना कोणाशीच काही नाही, असा तिचा शिरस्ता होता.

सत्त्याण्णव साली शामसुंदरनं एका खानावळीच्या माडीवर कॉम्प्युटर सेंटर काढलं. शामसुंदर आपल्याच मराठी मंडळींतला, विठ्ठलभक्तांच्या घरातला, कपड्यांचा धंदा सोडून या नव्या व्यापारात शिरलेला. दिवसा तिथे टायपिंग आणि हिशेब शिकवत, संध्याकाळी तासावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायला देत. पडद्यावर डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, कडेला उंच झाडं, आणि एक लाल गाडी. एक फेरी किती वेळात संपली ते खाली आकड्यात उमटायचं. ज्याची वेळ सर्वांत कमी त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर सर्वांत वर.

रघूत्तमराव दुकानाची बिलं छापून घ्यायला म्हणून माडी चढले आणि तीन तासांनी उतरले. बिलं वरच राहिली.

वास्तविक त्यांनी जन्मात कधी मोटार चालवली नव्हती. त्यांची एक मोपेड होती, तीही विजयलक्ष्मी मागे बसून "ब्रेक, ब्रेक" म्हणेल तेव्हा थांबायची. पण पडद्यावरच्या गाडीला मागे बायको नव्हती. शामसुंदरनं नुकतंच मद्रासहून प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची दोन पेडलं आणली होती, एक वेगाचं, एक ब्रेकचं. रघूत्तमराव चप्पल काढून त्यांच्यावर पाय ठेवून बसले की सारथ्य करायला बसल्यासारखे दिसत. पहिल्या वळणापर्यंत.

फळ्यावर सर्वांत वर नाव होतं स्वामीनाथचं. हा औषधांच्या दुकानाचा मालक, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. तो स्टिअरिंगला हातही लावायचा नाही. कीबोर्डवरच्या चार बटणांवर बोटं ठेवायची आणि गोळ्यांची पुडी बांधावी तितक्या शांतपणे फेरी संपवायची. सर्वांत खाली नाव होतं रघूत्तमरावांचं. त्याच्याखाली फळ्याची चौकट होती.

"पेडल सरकतं," रघूत्तमराव म्हणाले.

सरकत होतंच, खोटं नव्हे. माडीची जमीन गुळगुळीत लाल, प्लॅस्टिक हलकं, आणि रघूत्तमराव ब्रेक दाबत तो झुरळ चिरडल्यासारखा. ब्रेक भिंतीपर्यंत जायचा आणि गाडी झाडापर्यंत. त्यांनी आधी खाली ओलं पोतं घातलं. मग घरून रगड्याचा जड बत्ता आणून मागे लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयलक्ष्मीनं विचारलं, "अवो, रगड्याचा बत्ता कोठे गेला?"

"कॉम्प्युटरला लावला आहे."

"मग दोशाचं पीठ कशानं वाटू? कॉम्प्युटरनं?"

बत्ता परत आला. रघूत्तमरावांनी तेवढ्यावर हार मानली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वस्तू वाईट असेल तर चांगली वस्तू करून घ्यावी, हा त्यांचा स्वभाव. शामसुंदरकडून पेडलं मागून घेऊन, ती पिशवीत घालून त्यांनी स्वामीमलैची बस पकडली.

सुब्रह्मण्य स्थपती मेणाच्या नटराजाला बोटं करत बसला होता. त्यानं पेडलं उलटी करून पाहिली.

"रायर, कुठल्या देवाचं हे?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. माध्व ब्राह्मणाला तिकडे सगळे रायरच म्हणतात.

"देवाचं नाही. गाडीचं."

"रथाचं?"

"गाडी म्हणजे, खरी गाडी नाही. गाडीचं चित्र. ते पळतं."

स्थपतीनं मेण खाली ठेवलं. "चित्र पळतं, तर पाय कशाला?"

"चित्र पायानं पळवायचं असतं."

"सरी, बरं," स्थपती म्हणाला. "मूर्तीला पाय मी रोज करतो. पायाला मूर्ती कधी केली नव्हती. करू."

नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन त्यानं रघूत्तमरावांच्या पावलाचं माप घेतलं, देवाचं घेतात तसं घड्या घालून. रघूत्तमरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांचं पाऊल कोणी इतक्या आदरानं हातात घेतलं नव्हतं. काम कधी होणार म्हणून विचारलं तर स्थपती म्हणाला, ओतायला चांगला दिवस लागतो. चांगला दिवस यायला दोन महिने लागले.

वस्तू आली ती पाहून शामसुंदरचा आ वासला. पंचलोहाचं, म्हणजे मूर्तीच्या पाच धातूंचं, जाड बैठं आसन, त्यावर वेगाच्या पेडलावर वेलबुट्टी आणि ब्रेकवर फुललेलं अष्टदल कमळ. साधं सपाट का केलं नाहीस म्हणून रघूत्तमरावांनी विचारलं होतं, तेव्हा स्थपतीनं उत्तर दिलं होतं, "आमच्या घरातून उघडीबोडकी वस्तू बाहेर गेली तर वडिलांना काय तोंड दाखवू?" ते धूड माडीवर चढवायला दोन हमाल लागले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सेतूनं जुन्या प्लॅस्टिकच्या पेडलांच्या पोटातले विजेचे भाग काढून या नव्यात बसवले, वर स्कूटरच्या स्प्रिंगा घातल्या. आता पेडल सरकणार नव्हतं. सरकलं असतं तर माडी सरकली असती.

स्वामीनाथनं चष्मा पुसून कमळ पाहिलं. "छान आहे. पण रायर, कॉम्प्युटरला काय कळणार, तुमचा पाय पंचलोहावर आहे की पत्र्यावर? तारेतून जेवढं येतं तेवढंच त्याला कळतं."

"ज्याला पेडल माहीत नाही त्यानं बोलू नये," रघूत्तमराव म्हणाले आणि बसले.

फरक पडला, हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी त्यांची गाडी दर फेरीला वेगळ्या झाडावर आपटायची. आता ती नेमानं, न चुकता, तिसऱ्या वळणावरच्या एकाच झाडावर आपटू लागली. जमलेले लोक बोट दाखवून म्हणायचे, "आता," आणि गाडी आपटायची. रघूत्तमराव याला सातत्य म्हणत. फळ्यावरची जागा होती तीच राहिली.

मग आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. शामसुंदरनं कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा घातल्या, कीबोर्डला गंध लावलं. विजयलक्ष्मी प्रसादाचे चणे घेऊन आली होती. तिनं ते कमळ पहिल्यांदाच जवळून पाहिलं, आणि कमळ दिसल्यावर बाईमाणसाचा हात जसा जाईल तसा तिचाही गेला. ब्रेकवर तिनं ठसठशीत हळदकुंकू लावलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. रघूत्तमराव बसले आणि अडकले. कुंकवावर पाय द्यायचा कसा? फूल त्यांनी उचलून डोळ्यांना लावलं, पण कुंकू पुसणं जिवावर आलं. शेवटी पाय धुऊन आले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि ब्रेकला अंगठ्याचं नुसतं टोक लावलं. वळण आलं की ते हलकेच दाबत आणि लगेच चटका बसल्यासारखा पाय सैल करत. वेगाचं पेडलही, शेजारचं म्हणून, भीतभीतच दाबलं. तिसरं वळण आलं. लोक म्हणाले, "आता." आणि गाडी झाडाला वळसा घालून पुढे गेली.

फेरी संपली तेव्हा खाली जी वेळ उमटली ती पाहून शामसुंदरनं खडू घेतला आणि रघूत्तमरावांचं नाव तळातून काढून तीन नावांच्या वर लिहिलं.

"पाहिलंत?" रघूत्तमराव उठून उभेच राहिले. "पंचलोह! मुरायला वेळ लागतो त्याला."

विजयलक्ष्मी रिकामं ताट घेऊन दारात उभी होती. "अवो, आज पाय हलका ठेवलात की तुम्ही," ती म्हणाली.

पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत स्वामीनाथला आव्हान दिलं. पोंगलच्या सुट्टीत शर्यत. प्रत्येकी तीन फेऱ्या, उत्तम वेळ धरायची. स्वामीनाथ "बरं" म्हणाला, ज्या आवाजात तो खोकल्याचं औषध मागणाऱ्याला "बरं" म्हणायचा.

पोंगलपर्यंत कुंकू पार पुसलं गेलं होतं. त्याची जागा चिंच लावून घासलेल्या लखलखाटानं घेतली होती, ते काम रघूत्तमराव रोज स्वतः करत. शर्यतीला माडी भरली, जिन्यावर माणसं उभी. रघूत्तमरावांनी धोतर खोचलं, पेडलांना नमस्कार केला, आणि मग मैदानात उतरल्याच्या आवेशात ब्रेकवर जो पाय हाणला तो पहिल्यासारखाच. तिसऱ्या वळणावर लोक काही म्हणाले नाहीत, त्यांना वाईट वाटलं. गाडी झाडावर आपटली. दुसऱ्या फेरीलाही आपटली. तिसऱ्या फेरीला झाड चुकवलं आणि दरीत गेले.

स्वामीनाथनं कीबोर्ड पुढे ओढला, एक फेरी मारली, स्वतःचाच फळ्यावरचा आकडा गाठला आणि उरलेल्या दोन फेऱ्या नको म्हणाला.

एवढ्यावर सगळे घरी गेले असते. पण शामसुंदरला अवदसा आठवली. तो म्हणाला, "स्वामीनाथण्णा, एकदा या पेडलांवर बसून पाहा की. म्हणजे कळेल, वस्तूत गुण आहे की नाही."

स्वामीनाथ नाइलाजानं बसला. पहिली फेरी रडतखडत गेली, त्याला पायानं काही करायची सवयच नव्हती. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीला त्यानं कमळावर पाय असा टेकवला, जसा झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा, आणि वेळ आली ती त्याच्या कीबोर्डवरच्या वेळेच्या अगदी जवळपास. थोडी जास्त, पण जवळपास.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल उघड होता. जो चालवतो तो लाकडाच्या फळीवरही चालवील, आणि जो आपटतो त्याला सोन्याचा ब्रेक दिला तरी तो आपटेल. हे आता कोणीतरी रघूत्तमरावांना मऊ शब्दांत सांगायला हवं, म्हणून सगळे शामसुंदरकडे पाहू लागले.

पण रघूत्तमराव आधीच खुर्चीवर चढले होते.

"पाहिलंत की नाही!" ते ओरडले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर आनंद होता. "या मनुष्यानं जन्मात पेडलाला पाय लावला नव्हता. आणि तिसऱ्या फेरीत ही वेळ! हे कोणी केलं? पेडलानं केलं! आणिक काय पुरावा पाहिजे?"

स्वामीनाथ चष्मा पुसू लागला. विजयलक्ष्मीनं जिन्याच्या कठड्याला टेकून डोळे मिटून घेतले.

जिन्यावर तंजावरच्या कॉलेजातले दोन तरुण उभे होते. त्यांच्या गावातल्या सेंटरात त्यांचीही नावं फळ्याच्या तळाशी होती. ते खाली उतरले ते सरळ भांड्यांच्या दुकानात.

पुढच्या वर्षभरात रघूत्तमरावांच्या दुकानात समया मागे गेल्या आणि पेडलं पुढे आली. तंजावर, त्रिची, मायावरम, जिथे म्हणून कोणी झाडावर आपटत होतं तिथून मागणी आली. स्थपतीला माणसं वाढवावी लागली. कमळ हवं की मोर, हेही विचारू लागले. कोणी परत येऊन म्हणालं की वेळ काही कमी झाली नाही, तर रघूत्तमराव प्रेमानं त्याला बसवून विचारत, "खुर्ची कसली आहे तुमची?" आणि मग खुर्चीही दाखवत. विजयलक्ष्मी तोलून देत होती. पूर्वी ती तोलताना बोलत नसे, आता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडेही पाहत नसे.

"तुमची स्वतःची वेळ काय?" असं एखादा आगाऊ विचारी. "मला खेळायला फुरसत कोठे?" रघूत्तमराव म्हणत, आणि ते खरं होतं.

मग पापनाशमचा रंगा नावाचा एक लॉटरीविक्या एका रविवारी शामसुंदरच्या माडीवर आला, कीबोर्डवरच खेळला, आणि स्वामीनाथच्या वर नाव लिहून पाचच्या बसनं परत गेला. स्वामीनाथ आठवडाभर झगडला. बटणं तीच, बोटं तीच, पण ती वेळ काही निघेना.

एका दुपारी, रस्त्यावर वर्दळ नसताना, तो भांड्यांच्या दुकानात शिरला. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "रायर, ते... कमळवालं. एक जोडी. घरी मागच्या दारानं पाठवाल?"

"अवश्य," रघूत्तमराव म्हणाले.

संध्याकाळी, बाजार अगदी भरात असताना, ती जोडी उघड्या हातगाडीवर ठेवून, वर चाफ्याचा हार घालून, त्यांनी ती मोठ्या रस्त्यानं नेली. गाडी औषधांच्या दुकानासमोर थांबली. फुलवाल्या बायका मूर्ती आली समजून उठून उभ्या राहिल्या, एकीनं तर हातही जोडले. स्वामीनाथ काउंटरमागे खाली वाकून, न सांडलेल्या गोळ्या वेचत राहिला.