पहाऱ्यावर कोणी नव्हतं

"लेंडीचा वास येतोय," कॅप्टन म्हणाला.

भर दुपार. जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती वरची काचेची खोली. ड्युटीवर आम्ही दोघं होतो. मी सेकंड ऑफिसर आणि पहाऱ्यावर संपत, पाटणकडचा खलाशी. कॅप्टन पाहुण्यांना जहाज दाखवायला वर घेऊन आला होता. बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको. त्याने नाक वर करून हुंगलं, हुंगत माझ्याजवळ येऊन थांबला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "आमचे ऑफिसर आटपाडीकडचे. बाप मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायचा. युनिफॉर्म चढवला, इंग्रजी शिकवलं, पण वास काही जात नाही."

पाहुणे हसले. मेहुणा जरा कमी हसला, पण हसला.

मीही हसलो.

हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला मी बिचारा वाटणार नाही. चाळिशी उलटलेला माणूस. खांद्यावर पट्ट्या. बापाच्या नावाने झालेल्या विनोदाला दात दाखवत उभा. संपत मात्र हसला नाही. त्याने डोळ्यांवरची दुर्बीण काढलीच नाही.

"संपत, चल खाली," कॅप्टन म्हणाला. "पाहुण्यांना भजी पाहिजेत. कुकची रबरासारखी होतात."

संपतने आता दुर्बीण काढली आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर पावसाची झड होती. समुद्र धुरकटला होता. अशा वेळी पहाऱ्यावरचा माणूस हलवायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. ड्युटीवरचा ऑफिसर 'नाही' म्हणू शकतो. कॅप्टनलासुद्धा.

"जा," मी म्हणालो.

"आवं साहेब, फुडचं काय बी दिसंना," तो हळू आवाजात म्हणाला.

"मी आहे ना. जा."

तो गेला. पाहुणेही गेले. मी एकटा राहिलो.

हे त्या दिवशी पहिल्यांदा झालं असं नाही. त्या जहाजावर ती रीतच होती. दुपारी कॅप्टनला काही खावंसं वाटलं की पहाऱ्यावरचा माणूस खाली. संपतच्या हाताला चव, म्हणून बहुतेक संपतच. आम्ही त्याला थट्टेने 'भजी ड्युटी' म्हणायचो. मी सुद्धा म्हणायचो. रोज त्याने बोलवायचं, रोज मी पाठवायचं.

आणि मी नेटका माणूस. कामं ओळीने लिहायची, झालं की खूण करायची. नकाशांमधल्या दुरुस्त्या हे सेकंड ऑफिसरचं काम, आणि माझ्या नकाशात कधी कोणाला चूक सापडली नाही. त्या दुपारीही मी तेच करत होतो. टेबलाकडे तोंड. खिडकीकडे पाठ. रडारच्या पडद्यावर पावसाचा नुसता चुरा दिसत होता. लाकडी होडी त्यात दिसत नाही, हे मला माहीत होतं. एवढी दुरुस्ती संपवतो आणि बघतो, असं मनात म्हणालो.

धक्का बसला नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला होडी लागली तर टेबलावरची पेन्सिलही हलत नाही. मला आरडाओरडा ऐकू आला. बाजूच्या दारातून धावत बाहेर गेलो, तर खाली पाण्यात फळ्या आणि माणसं.

जहाज थांबवलं, वळवलं, बोट सोडली, सगळ्यांना वर घेतलं. तेवढं नीट केलं. कोणी मेलं नाही. एका मच्छीमाराचा पाय गुडघ्याखाली चिरडला. तो पुढे काढावा लागला. त्याला डेकवर ठेवलं तेव्हा संपत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि संपतच्या हाताला बेसन लागलेलं होतं.

बंदरात लागलो. आम्हाला उतरवलं, चौकशी बसली. कॅप्टनने जहाजाच्या नोंदवहीत लिहिलं होतं: पहाऱ्यावर खलाशी हजर, पण पेंगत होता. त्यावर संपतची सीडीसी काढून घेतली. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक. ते नसेल तर कोणतंही जहाज त्याला चढवून घेत नाही.

मी आटपाडीला घरी आलो. संपत पाटणला. साक्षीच्या आधी कॅप्टनचा फोन आला. साताऱ्याला ये म्हणून.

कॅप्टनचा बंगला माझ्या माहितीचा. लहानपणी मी त्याच्या मागच्या रानात राहिलेलो आहे. उन्हाळ्यात आमच्याकडचे लोक मेंढरं घेऊन साताऱ्याकडे सरकायचे. जाळी लावून मेंढरं शेतात बसवायची, रानाला खत मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो. रोखठोक व्यवहार. पण आबा, म्हणजे माझे वडील, त्या घरातल्या माणसांपुढे असे उभे राहायचे की जणू उधारीवर श्वास घेतायत. मला जहाजाच्या ट्रेनिंगला शिफारस मिळाली तीही त्याच घरातून. मी ती घेतली. ती फेडायची कधी, हे त्यांनी ठरवायचं होतं.

कॅप्टनने व्हरांड्यात बसवलं. चहा आला. कागद आला.

"दोन ओळी आहेत. वाच आणि सही कर," तो म्हणाला. "संपत हजर होता, पेंगत होता. तू रडारवर होतास. संपलं."

"संपतचं काय?"

"काही महिने घरी बसेल. डोंगरात भात आहे त्याचा. भात खाईल." मग जरा पुढे झुकून म्हणाला, "तुझं ऑफिसरचं प्रमाणपत्र गेलं तर तू काय खाणार? तुझ्या बापाने माझ्या वडिलांचे पाय धरले होते, आठवतं ना? तेव्हा तू इथेच अंगणात उभा होतास. नाक गळत होतं तुझं."

मला आठवत होतं. मी कागद टेबलावर ठेवला.

"हे खोटं आहे. संपत तिथे नव्हता."

"काय?"

"तो खाली होता. मी पाठवलं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'नाही' म्हणालो होतो. मला ताठ झाल्यासारखं वाटलं. कॅप्टनने कागद परत स्वतःकडे ओढला. मग हसला.

"बरोबर. तू पाठवलंस. मग तसंच सांग की. माझं नाव कशाला पाहिजे त्यात? आणि विचारलंच, तर एकदाच झालं म्हणायचं. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

तो भल्याचंच सांगत होता. कोणत्या कारणाने प्रमाणपत्र थांबवतात आणि कोणत्या कारणाने रद्द करतात, हे मी ज्युनियरांना शिकवत आलोय. नशा. न केलेल्या समुद्रसेवेची नोंद. खोटे दाखले. ड्युटीत हयगय. हयगय एकदा झाली तर निलंबन, काही महिने. रोजची असेल, जाणूनबुजून असेल, तर माणूसच नालायक ठरतो. मग रद्द.

मुंबईत चौकशीच्या टेबलासमोर मी सांगितलं, "पहाऱ्यावर कोणी नव्हतं. खलाशाला मी खाली पाठवलं."

"असं नेहमी व्हायचं?" समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं.

संपत माझ्या शेजारी बसला होता. कॅप्टन पलीकडे.

"नाही. एकदाच," मी म्हणालो.

संपतने मान खाली घातली.

माझं प्रमाणपत्र निलंबित झालं. संपतची सीडीसी परत मिळाली. नोंद गैरसमजातून झाली असं कॅप्टन म्हणाला, त्याला समज देऊन सोडलं. बाहेर आल्यावर संपत माझे हात धरून म्हणाला, "साहेब, तुमी माजं घर वाचवलं. लय उपकार." मी ते उपकार घेतले. एस्टीने घरी येताना मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहून ठेवतो.

निलंबनाचे महिने मी आटपाडीत काढले. घराच्या कामांची यादी केली, संपवली, नवी केली. पाय गेलेल्या माणसाचं नाव मला माहीत होतं. ते नाव कोणत्याही यादीत लिहायला माझा हात गेला नाही.

गेल्या आठवड्यात प्रमाणपत्र परत आलं. कंपनीचाही फोन आला, जहाज तयार आहे. सुरेखाने, माझ्या बायकोने, देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच संध्याकाळी संपतचा फोन आला. डाग लागलेल्या माणसाला दुसरं कोणी घेईना, म्हणून तो परत त्याच कंपनीत गेला होता. त्याच कॅप्टनच्या हाताखाली.

"काय गड्या, बरं आहे ना?"

"बरं हाय की. आता भज्याबरूबर वडं बी शिकलो." तो हसला. "घरी आलो की हाटेलच टाकतो बघा."

"अजून खाली बोलावतो?"

"ते काय सुटतंय व्हय? रोजचंच हाय."

"मग वर कोण असतं?"

"नवीन सेकंड हाय. तासगावचा. त्यो बी म्हणतो, जा, मी हाय न्हवं. तुमच्यासारकाच हाय साहेब. लय भला माणूस."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याने मनापासून म्हटलं होतं. फोन ठेवला आणि मी उंबऱ्यावर बसलो ते सुरेखाने हाक मारेपर्यंत.

मी संपतला वाचवलं नव्हतं. त्याला परत त्याच पायऱ्या उतरायला लावलं होतं. मी कॅप्टनला वाचवलं होतं, आणि स्वतःला. एका शब्दात. 'एकदाच'.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात वकिलाकडे गेलो. चौकशी पुन्हा उघडायचा अर्ज लिहायला सांगितला. तो म्हणाला, "रोज व्हायचं, असं सांगितलंत तर कॅप्टन अडकेल. पण तुमचं प्रमाणपत्र कायमचं जाईल. वर चौकशीत खोटं बोललात, तेही येईल. संपत तुमच्या बाजूने बोलेल का?"

"माहीत नाही. नोकरी आहे त्याची. त्याला धरून चालू नका."

घरी सुरेखाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली.

"आवं, मग करायचं काय? मेंढरं राखायची?"

"मेंढरं आबांनी कधीच विकली."

"त्येच म्हणते मी," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. पुढे बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा गुन्हाही माझ्याच नावावर आहे. तो कमी होणार नाही. पाय गेलेल्या माणसाचा पायही येणार नाही. अर्ज केला म्हणून मी चांगला माणूस झालो, असं मला कोणी म्हणू नये.

अर्ज दिला आहे. बोलावणं आलं की जाणार. प्रमाणपत्र सोबत नेणार, त्यांनी मागायच्या आधी टेबलावर ठेवणार. मग सांगणार: रोज दुपारी कॅप्टन बोलवायचा आणि रोज दुपारी मी पाठवायचो. दोन्ही लिहून घ्या. त्याचं नाव आधी लिहा किंवा माझं, पण त्यातलं एकही गाळू देणार नाही.