नाय म्हणणारी शारदा

शारदा ‘नाही’ म्हणत नसे, ‘नाय’ म्हणे. आणि लोक तिचा नकार ऐकायच्या आधी तिचा उच्चार दुरुस्त करत. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीने विचारलं, “लग्नानंतर हे गाणंबजावणं बंद करशील ना?” शारदा म्हणाली, “नाय.” मावशी हसल्या. “नाही म्हणावं गं, शहरात राहायचंय.” आणि पुढचा प्रश्न स्वयंपाकाचा. पाहुणे पोहे खाऊन निघून गेले तरी मुलीने नकार दिलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. “दुसऱ्या दिवशी फोन करून सांगावं लागलं,” शारदा पोट धरून हसायची, “की बाई, मी नाय म्हणले.”

एका छोट्या डिझाइन ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. ती शहराबाहेरच्या बिडकीन गावची, शेतकरी घरातली. मी शहरात, क्रांती चौकाच्या मागे वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. ती मला नावाने कधी हाक मारायची नाही. “ए कॉन्व्हेंट, हे ऐक,” म्हणून सरळ माझ्या कानाला हेडफोन लावायची. आत शहागंजच्या बाजारातला फळवाला ओरडत असायचा, त्याच्याखाली बोअर मारायच्या गाडीची धडधड, आणि मधूनच तिच्या आईचं “व्हय गं व्हय”. हे सगळं ठेक्यात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जेवणाची सुट्टी संपल्याचंही मला कळलं नाही.

आवाज पकडून ठेवायचं आणि बोटाने वाजवायचं तिचं यंत्र वहीएवढं होतं. त्याला ती ‘डबा’ म्हणायची. शहागंजचा इम्रान तिच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवायचा. दोघांच्या बँडचं नाव ‘बोअर’. मी तिला सांगून पाहिलं की इंग्रजीत याचा अर्थ कंटाळवाणा असा होतो. “मंग बरंय की,” ती म्हणाली. “ज्याला पाणी लागंल त्याला लागंल. बाकीच्यांनी कंटाळा करावा.”

जालना रोडवरच्या एका क्लबने त्यांना शनिवारी संध्याकाळी बोलावलं. कार्यक्रम आवडला तर दर शनिवार त्यांचाच, असं मॅनेजरने कबूल केलं होतं. शारदासाठी ही लहान गोष्ट नव्हती. तोवर तिने वाजवलं होतं ते मित्रांच्या गच्चीवर आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. सामान उचलायला तिने मला नेलं. मी त्याआधी कधी क्लबची पायरी चढले नव्हते. घरी मैत्रिणीचा कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

दारावरच्या माणसाने पिशवीकडे बोट दाखवलं. “इसमें क्या है?”

“डबा हाय,” शारदा म्हणाली.

“बाहर का खाना अंदर अलाउड नै, मॅडम.”

“अरे खायचा नाय, वाजवायचा हाय!”

इम्रान हातातल्या ड्रमवर डोकं टेकवून हसत होता. शेवटी शारदाने पिशवीतून डबा काढून तिथेच वाजवून दाखवला. फळवाला ओरडला तसा तो माणूस दचकून मागे सरकला आणि आम्हाला आत सोडलं.

लोक यायच्या आधी त्यांनी एक गाणं वाजवून बघितलं. मॅनेजर हात चोळत आला. तिशीचा, अत्तर लावलेला, बोलायला गोड. “म्युझिक एकदम कडक. फक्त भाषेचं बघा. आपल्याकडे क्राऊड क्लासी असतो. हे लई-बिई नको वाटतं.” मग तो माझ्याकडे वळला. थोड्या वेळापूर्वी मी त्याला इंग्रजीत वॉशरूम कुठे आहे ते विचारलं होतं. “या मॅडमचं इंग्लिश मस्त आहे. दिसायलाही प्रेझेंटेबल आहेत. माईकवर या राहू देत, तुम्ही मागे मशीनवर.”

शारदाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “तुला गायचंय का, कॉन्व्हेंट? तुला पायजे असंल तर गा. त्याला पायजे म्हणून नको.”

“नाही,” मी म्हणाले. वाक्य जुळवावं लागलं नाही.

“ओके ओके, नो प्रेशर,” मॅनेजर लगेच म्हणाला.

“मंग मी गाते,” शारदा म्हणाली.

“तुम्ही नका गाऊ. नुसतं वाजवा.”

“नाय.”

“नाही म्हणा हो, नाय काय!” तो हसला. “नुसतं वाजवा. पुढचे शनिवार तुमचेच आहेत मग.”

माझा नकार त्याने तिथल्या तिथे मान्य केला होता. तिचा त्याला ऐकूच आला नव्हता. मी ते शारदाला सांगायला तोंड उघडलं, पण ती ज्या जोराने वायरी खुपसत होती त्यावरून कळत होतं की तिला सांगायची गरज नाही.

आठ वाजता क्लब भरला. पहिली तीन गाणी तिने नुसती वाजवली. लोक नाचत होते, मॅनेजर बारपाशी खुशीत मान हलवत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. तिने माझ्याकडे न बघता माईक ओढून घेतला आणि तिला बघायला आलेल्या पाहुण्यांवर रचलेलं गाणं सुरू केलं:

पोरगी रांधंल का? रांधंल.
पोरगी नांदंल का? बघंल.
पोरगी गप बसंल का?

इथे आवाज गेला. मॅनेजरने खूण केली होती आणि साउंडवाल्याने माईक बंद केला होता. ठेका चालूच, शारदाचे ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही. नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता.

शारदाने इम्रानला थांबायची खूण केली आणि डब्याचं बटण दाबलं. सगळं थांबलं. एसीची घरघर तेवढी राहिली. अर्धवट उचललेले हात लोकांनी खाली घेतले. ती स्टेजच्या कडेला आली आणि शेतातून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं ओरडली, “पोरगी गप बसंल का?”

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या तीन-चार मुली एकदम ओरडल्या, “नाय!”

“आं?”

“नाय!” आता अर्धा क्लब. माझाही आवाज त्यात होता. तो मला ओळखता आला नाही. ‘नाय’च्या ठोक्यावर इम्रानचे ड्रम परत सुरू झाले, आणि उरलेलं गाणं तिने माईकशिवाय म्हटलं.

नंतर मॅनेजर आला तेव्हा त्याचं गोड बोलणं संपलं होतं. “पुढचे शनिवार विसरा.”

“विसर गए,” इम्रान म्हणाला. “वायर समेटूं, आपा?”

“समेट,” शारदा म्हणाली. जिन्यात तिने इम्रानचे ड्रम उचलायला हात दिला. डबा मी घेतला.

त्या रात्री ती जे ठरवून बसली ते ऐकून मला वाटलं, हिला ताप आलाय. कुणी आत घेत नाही, तर आपणच जागा घ्यायची. आणि बिडकीनचं मंगल कार्यालय रिकामं मिळतं ते पितृपंधरवड्यात. तेव्हा लग्नं नसतात. तिचे चुलते चिडले. “पित्रांच्या दिवसात नाचगाणं? लाज हाय का?”

“पित्रं जेवायला येतेत म्हणता ना काका? मंग गाणं बी ऐकतील. आज्याला लई नाद होता.”

कार्यक्रमाला आम्ही ऑफिसातले दहा-बारा जण गेलो, पण बाकी हॉल गावानेच भरला. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसल्या. चुलते पहिल्या रांगेत, कपाळाला आठ्या. शारदा तासभर गायली. तिच्या बोलीत, पूर्ण आवाजात, आणि माईकचं बटण तिच्याच हाताशी. ‘गप बसंल का’ला बायका आधी एकमेकींकडे बघून लाजल्या. तिसऱ्या वेळी त्यांचं ‘नाय’ असं आलं की वरचा पंखा हलला असं इम्रान अजून सांगतो.

गाणं संपलं आणि चुलते उठून स्टेजवर चढले. त्यांनी तिच्या हातातून माईक घेतला. आता शिव्याच पडणार, असं मला वाटलं. माईक हातात, समोर भरलेलं कार्यालय, आणि आयुष्यभर पुतण्या-भाच्यांच्या लग्नांत बोलत आले तेच त्यांच्या तोंडून निघालं: “आलेल्या पाहुण्यांना विनंती, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये.”

माणसं खुर्च्या सरकवून उठायला लागली. मागच्या दाराकडे बघायला लागली. तिथे ना चूल होती ना पातेलं.

शारदाने काकांच्या हातातून माईक परत घेतला.

“जेवण नाय,” ती म्हणाली. “गाणी हायेत अजून. बसा.”

आणि माणसं बसली.