बाबा तिरके पोहतात

मंडळी, आज सकाळी बाबांना चंद्रपूरच्या तरणतलावावर नेलं. वय नव्वद. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पलंगावरच होते. हाड जुळलं, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, पण त्यांची उठायची इच्छाच गेली होती. मला त्याचीच भीती होती.

पन्नासच्या दशकात ते तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातून नागपूरला फ्रीस्टाइलच्या शर्यतींना जात. बऱ्याच जिंकल्याही.

आज पाण्यात त्यांनी कठडा सोडला, आणि तिरके जाऊन मधल्या दोराला धडकले.

"आजोबा, सरळ!" शिकवणाऱ्या बाई ओरडल्या.

"बाई, मी वैनगंगेत पोहणं शिकलो. तिथं सरळ गेलो तं पल्याडचा घाट चुकते. धारेच्या वरच्या अंगालेच पोहा लागते. हे खोड मोडता मोडता शर्यतीचे मास्तर थकले होते."

"मग आता मी मोडू?"

"राहू दे. आता कोणाले हरवाचं हाय?"

बाईंनी हसून मधला दोर सोडवून बाजूला केला आणि त्यांच्या बाजूने चालत राहिल्या. बाबा तिरकेच पलीकडच्या काठाला लागले.

"काऊन रडून राह्यली?" ते मला म्हणाले. "उद्या किती वाजता यायचं, ते बाईले इचार."

शर्यतींनी सरळ केलेल्या हातांत नदी इतकी वर्षं कुठे राहिली असेल? तुमच्या घरी कुणाच्या अंगात असं काही उरलंय का?