व्हर्ना उठली नाही

व्हर्ना टिडवेलच्या गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलं होतं. बाकीच्या बायका नातवंडांचे फोटो दाखवतात तसं ती ते हाड दाखवायची. शर्टाची कॉलर बाजूला सारून म्हणायची, "हात लाव गं, लाव. जर्मनीतलं आहे. नवऱ्याने, हार्लनने, जिन्यावरून ढकललं होतं." नव्याने लग्न होऊन छावणीत आलेली पोर बिचकून हात मागे घ्यायची. मग व्हर्ना सिगारेट शिलगावायची आणि पुढचं सांगायची. "हाड मोडलं, पण त्याच्या नोकरीच्या कागदांवर ओरखडा येऊ दिला नाही मी. पेन्शन पूर्ण मिळाली. तो गेला खुर्चीत बसल्याबसल्या. आता ती पेन्शन खातंय कोण? मीच ना!"

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या मरीन सैनिकांच्या छावणीला लागून, पाइनच्या झाडांमागे, सार्जंट लोकांची घरं होती. हार्लन मेल्यावर व्हर्ना त्याच वस्तीच्या तोंडाशी भाड्याने राहिली, कारण दुसरीकडे कुठे जाऊन करायचं काय, हे तिला सुचलं नाही. कुणाची जपानला बदली झाली की बायको आधी तिच्याकडे धावायची. कुत्र्याचं रक्त तपासायला कधी पाठवायचं, मुलांचे दात कधी दाखवायचे, बंदुका कुणाकडे ठेवून जायच्या, सगळं तिला तोंडपाठ. सामान बांधायला सरकारी सामानवाले येतात तेव्हा दिसेल ते गुंडाळतात. डोळे मिटून बसलात तर तुम्हालाही गुंडाळतील. व्हर्नाचा भरलेला ॲशट्रे त्यांनी एकदा थोटकांसकट कागदात बांधला होता आणि तो तसाच जर्मनीत पोचला होता. म्हणून तिचा नियम असा, की जे हातात न्यायचं ते न्हाणीघरात ठेवायचं, दाराला निळी चिकटपट्टी लावायची आणि सामानवाल्यांना सांगायचं, "या दाराला हात लावाल तर याद राखा."

दुसरा नियम तपासणीचा. परदेशी तळावर कुटुंब न्यायचं तर आधी दवाखान्यात प्रत्येकाला बसवून विचारतात. दारू पिता का, झोप येते का, घरी भीती वाटते का? "सगळ्याला नाही म्हणायचं," व्हर्ना बजावायची. "एका प्रश्नाला हो म्हणालीस की कागद अडकला, नवरा अडकला, त्याची बढती अडकली. आणि मग घरी आल्यावर तो तुझं काय करेल, ते तूच बघ." तिच्या हाताखालून गेलेलं एकही कुटुंब तपासणीत नापास झालं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. तो वाईट गर्व होता, पण होता.

टॅमसिन रेनफ्रो तिच्याकडे आली ती केंटकीच्या डोंगरातली काटकुळी पोर. कडेवर ओडी नावाची चिमुरडी, जेमतेम बोलायला लागलेली. नवरा कोल्ट सार्जंट, दिसायला देखणा, बोलण्यात गोड, "मॅम"शिवाय शब्द नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर बदली आली आणि सगळ्यांत आधी त्यांच्या कुत्र्याचा निकाल लागला. रक्त तपासणी, कागद, विमानाचा पिंजरा, एवढ्या कटकटीला कोल्ट कंटाळला. एका सकाळी त्याने बिस्किट नावाच्या त्या कुत्र्याला पाइनच्या झाडांत नेलं आणि गोळी घातली. परत येऊन टॅमसिनला म्हणाला, "वाडगा धुऊन ठेव. सामानवाल्यांना घाण दिसायला नको."

हे टॅमसिनने व्हर्नाच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. सांगताना तिचे दात वाजत होते. व्हर्ना म्हणाली, "चला, एक काम कमी झालं." त्या वाक्याबद्दल तिच्या तोंडात कुणी तेव्हाच मारली असती तर बरं झालं असतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी टॅमसिनच्या कानामागे काळानिळा डाग होता आणि मानेवर चार बोटं उठली होती. व्हर्नाने स्वतःच्या हाताने त्यावर मेकअपचा रंग लावला, केस पुढे ओढले, लांबून बघितलं आणि पुन्हा लावला.

"मिस व्हर्ना, तिथे गेल्यावर तो सुधारेल का हो? नवी जागा, समुद्र…"

"नाही सुधारणार."

"मग?"

"मग तू त्याचा हात चुकवायला शिकशील. मी शिकले."

"तिथे माझं कोण आहे? इथे निदान बस पकडून आईकडे तरी जाता येतं."

व्हर्ना रंगाची डबी बंद करत म्हणाली, "मान वाकडी करू नकोस, ओघळेल." टॅमसिन दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रश्नांना नाही म्हणाली आणि शिक्के पडले.

सामान बांधायच्या दिवशी व्हर्ना सकाळपासूनच रेनफ्रोंच्या घरी होती. सामानवाल्यांचा म्होरक्या युलिसिस, कपाटाएवढा माणूस, तिचा जुना ओळखीचा. "आज शिव्या कमी द्या हं, मिस व्हर्ना," तो म्हणाला, "या पोरांची लग्नं व्हायचीत अजून." त्याची दोन माणसं चिकटपट्टी ओढत खिदळत होती. न्हाणीघरात रिकाम्या टबात उशा घालून ओडीला खेळणी दिली होती, आणि दाराला निळी पट्टी होती. कोल्ट छावणीत शेवटच्या सह्या करायला गेला होता. विमान दुसऱ्या दिवशी होतं.

स्वयंपाकघर बांधत असताना व्हर्नाने पाहिलं, की टॅमसिन न्हाणीघरातून बाहेर आली आणि तिच्या हातात दोन पासपोर्ट होते, तिचा आणि ओडीचा. तिने ते ओट्यावर, पिठाच्या चाळणीत, पंच्यांच्या खाली ठेवले. सामानवाल्याने न बघता पंचे, चाळण, सगळं कागदात गुंडाळलं आणि खोक्यात टाकलं.

"अगं ए भवाने!" हे व्हर्नाच्या ओठांपर्यंत आलं. अशी चूक दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी करतंच, आणि मग विमान चुकतं, आणि महिने जातात नवे कागद यायला. पण टॅमसिन तिच्याकडे बघत होती. ती चूक नव्हती. पोरीने नाही म्हणायची एकच जागा शोधून काढली होती, आणि ती कुणाला चूक वाटेल अशी होती. खोक्याला पट्टी लागली, वर काळ्या खडूने "स्वयंपाकघर" लिहिलं गेलं, आणि व्हर्ना काही बोलली नाही.

दुपारी कोल्ट आला तो पिऊनच. बाकीचं सामान ट्रकवरच्या लाकडी पेट्यांत चढलं होतं, दिवाणखान्यात थोडेच खोके उरले होते. त्याने न्हाणीघरातली बॅग उपसली. "पासपोर्ट?"

"ओट्यावर होते," टॅमसिन म्हणाली. "बहुतेक बांधले गेले, कोल्ट. माझं लक्ष नव्हतं."

त्याने तिला थोबाडीत मारली नाही, मूठ मारली. ती भिंतीवर आदळून खाली बसली. सामानवाल्यांपैकी एकाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. न्हाणीघरात ओडी रडायला लागली.

"कुठल्या खोक्यात?"

"माहीत नाही."

त्याने तिला केसांना धरून उभं केलं आणि बरगड्यांत गुडघा घातला. मग हातोडी उचलून समोरचा खोका फोडला. काचा, बशा, लग्नातली चिनीमाती, सगळं जमिनीवर. "कुठल्या खोक्यात?" दुसरा खोका फोडला. ती सांगेना तसा तो तिच्याकडे वळायचा, लाथ घालायचा आणि पुन्हा खोक्यांकडे जायचा.

"युलिसिस, पोलिसांना फोन लाव!" व्हर्ना ओरडली.

"मिस व्हर्ना, नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही, असा आमच्या मालकाचा…"

"तुझ्या मालकाच्या मढ्यावर घाल तो नियम! लाव फोन!"

युलिसिस फोन काढत बाहेर धावला. आणि व्हर्ना, जिने आयुष्यात मारामारीच्या खोलीतून नेहमी बाहेरचीच वाट धरली होती, ती दाराजवळच्या एका खोक्यावर जाऊन बसली. तो पंच्यांचा, चाळणीचा खोका होता.

तिला एवढंच करायचं होतं, की उठून बोट दाखवायचं. कोल्टला पासपोर्ट मिळाले असते, मार थांबला असता. उद्या त्या दोघी मायलेकी विमानात असत्या आणि त्या बेटावर दार बंद झाल्यावर टॅमसिनला विचारायला कुणी आलं नसतं. व्हर्नाला हे माहीत होतं. जर्मनीतल्या त्या जिन्यात समोरच्या दारामागे शेजारीण उभी होती आणि तिने रेडिओ मोठा केला होता. टॅमसिनच्या नाकातून रक्त आलं, ती जमिनीवर हात टेकून ओकली, तेव्हा व्हर्ना आपोआप उठू लागली. टॅमसिनने वर बघितलं. तिने मान हलवली, अगदी थोडी. व्हर्ना पुन्हा बसली. आयुष्यात इतकं वाईट काम आपण केलं नाही, असं तिला वाटलं, आणि इतकं बरोबरही.

कोल्टने ती नजर पकडली. तो फुगलेल्या डोळ्यांनी व्हर्नाकडे आला. "ऊठ, म्हातारे."

"माझे गुडघे धरलेत."

"ऊठ म्हणतो ना."

"तुझा बाप आला तरी उठणार नाही."

त्याने तिला दंड धरून ओढलं. तिने दोन्ही हातांनी खोक्याची कड पकडली. त्याने तिच्या हातावर हातोडी घातली, आणि बोटं मोडल्याचा आवाज तिने ऐकला, दुखायच्या आधी. तिने शिवी दिली. तशी शिवी त्या वस्तीत त्याआधी कुणी ऐकली नव्हती. दुसरा घाव जबड्यावर आला. तोंडात दात सुटे झाले, रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं, आणि तरी ती खोक्यावरच आडवी पडली, पोटाखाली तो दाबून. तिसरा घाव तिच्या पाठीत बसला. चौथा बसला नाही. युलिसिसने मागून जड पेट्या ढकलायची लोखंडी गाडी उचलून कोल्टच्या खांद्यावर घातली होती. कोल्ट पडला, पुन्हा उठायला लागला, आणि मग युलिसिसची ती दोन खिदळणारी माणसं त्याच्यावर बसली. एकाने त्याचे हात चिकटपट्टीने बांधले, सामान बांधतात तसेच, पुन्हा पुन्हा गुंडाळून. त्याचं पिस्तूल जपानात चालत नाही म्हणून आधीच त्याच्या बापाकडे गेलं होतं. नाहीतर त्या खोलीतून कोण चालत बाहेर आलं असतं, देव जाणे.

छावणीचे पोलीस आले. कोवळा हवालदार, हातात वही, टॅमसिनसमोर उकिडवा बसला. "मॅम, यांनी तुम्हाला…"

"हो," टॅमसिन म्हणाली. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग ती थांबेचना. आज, गेल्या महिन्यात, ओडी पोटात असताना, कुत्र्याला. हवालदार लिहून दमला.

कोल्टला नेल्यावर युलिसिस व्हर्नाजवळ वाकला. "रुग्णवाहिका येतेय. आणि हा खोका…"

व्हर्नाला बोलता येत नव्हतं. तिने शाबूत हाताने ट्रककडे बोट केलं. युलिसिस तिच्याकडे बघत राहिला. तो काही मूर्ख नव्हता. त्याने खोका उचलला, लाकडी पेटीत सगळ्यात खाली घातला आणि वरून फळी ठोकली.

इस्पितळात दोघींना एकाच दालनात पडद्याच्या दोन बाजूंना ठेवलं होतं. टॅमसिनने मधला पडदा ओढून बाजूला केला. तिचा एक डोळा बंद झाला होता, बरगड्यांना पट्टा होता, आणि ओडी तिला चिकटून झोपली होती.  मग तिचा आवाज फाटला.

"तुम्ही उठला असतात तर तो थांबला असता, मिस व्हर्ना. मीच मान हलवली, मला माहीत आहे. पण मला वाटत होतं, उठा. देवा, हिला उठव. मला वाटलं, मरते आता."

व्हर्नाचा जबडा तारेने बांधला होता. शब्द एकेक करून दातांमधून बाहेर काढावे लागत होते.

"आज थांबला असता," ती म्हणाली.

 टॅमसिन हुंदके द्यायला लागली, आणि प्रत्येक हुंदक्याला बरगडी धरायला लागली. शेवटी तिने ओडीला कशीबशी उचलली आणि पलीकडे व्हर्नाच्या पोटावर झोपवली, कारण तिला आता वजन सोसवत नव्हतं. व्हर्नाने चांगला हात पोरीच्या पाठीवर ठेवला आणि दारातून कोण येतंय यावर डोळा ठेवून पडून राहिली.