बॉटला थांबवणारी ओळ

दवाखान्याच्या बाकावर बसताच निवृत्त ग्रंथपालांना आपली चूक लक्षात आली. मुक्त ज्ञानकोशातले बंद पडलेले दुवे काढायला त्यांनी घरी बॉट, म्हणजे आपोआप बदल करणारा प्रोग्राम, सुरू केला होता. पण यादी दिली होती चालू दुव्यांची. मिनिटाला सहा लेखांचे संदर्भ पुसले जात होते आणि सात वर्षांत कमावलेला विश्वासही.

त्यांनी पत्नीला फोन लावला. "अगं, बॉटच्या चर्चापानावर काहीतरी लिही. कुणीही लिहिलं की तो थांबतो."

"काय लिहू?"

"काहीही, पण लवकर!"

पलीकडे कळफलक सावकाश वाजत राहिला. "लिहिलं, 'पुरे झालं, जेवायला चला.' तुम्ही तर कधी ऐकत नाही. बघू तुमचा लाडका ऐकतो का... अहो, थांबला की!"

डॉक्टरांनी हाक मारली, तेव्हा ग्रंथपाल पुसलेले संदर्भ परत घालायला घराकडे निघालेही होते.