तळ्यापलीकडचा डबा

ती घटना आजही आठवते, आणि बहुतेक वेळा आठवते ती आमच्या घरी शेजारून एखादं भांडं आलं की. वाटीत खीर आलेली असो नाहीतर लोणचं, बायको ती वाटी घासून ओट्यावर पालथी घालते आणि परत पाठवायला काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालतेच. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. मलाही ते ठाऊक होतं. अंगात वर्दी असताना ते आठवलं नाही, एवढंच.

सोलापूरच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हिप्परग्याच्या तलावाचा बराचसा काठ आमच्या हद्दीत येत होता. नळाच्या पाण्याची वाट बघण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसांना खिडकीतून पाणी दिसणाऱ्या घराचं अप्रूप वाटणारच. त्यामुळे तलावाभोवती वसाहती उठत होत्या. काही भिंत, फाटक आणि पहारेकरी असलेल्या, तर काही नुसत्याच प्लॉट पाडून वसलेल्या, जिथे रस्त्यावर डांबर पडायचं अजून बाकी होतं.

गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका शुक्रवारी सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक ठाण्यात आले. जुळे सोलापुरातला फ्लॅट विकून ते एप्रिलमध्येच तलावाकाठच्या बंदिस्त वसाहतीत राहायला आले होते. आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, ते नेहमीप्रमाणे एसटीने अक्कलकोटला दर्शनाला गेले होते. संध्याकाळी परतले तर पत्नी घरात नव्हती. मोबाइल घरातच होता. ठाणे अंमलदाराने हरवल्याची नोंद केली. फाटकावरच्या कॅमेऱ्यात बाई बाहेर पडताना दिसत नव्हत्या, म्हणून आम्ही आधी वसाहतीतच शोधत बसलो.

शनिवारी मासे धरणाऱ्यांना काठाजवळ प्रेत दिसलं. मनगटाला कापडी पिशवी अडकलेली होती. पंचनाम्यात मी लिहून घेतलं: झाकणाचा एक स्टीलचा डबा, त्यावर नाव कोरलेलं, आत भिजलेला खाद्यपदार्थ. नाव एका पुरुषाचं होतं आणि ते मुख्याध्यापकांचं नव्हतं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनात बुडून मृत्यू असं आलं. दुपारी नातेपुत्याहून बाईंचा भाऊ आला, आणि बहिणीला नवऱ्यानेच ढकललं असणार अशी तक्रार देऊन अडून बसला. गेल्या संक्रांतीला ती आली तेव्हा गप्प गप्प होती, घर घेण्यावरून नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं होतं, असं त्याचं म्हणणं.

त्याच संध्याकाळी खबर मिळाली. वसाहतीचा पहारेकरी आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "दर गुरवारी सर अक्कलकोटला गेले की बाई मागच्या भिंतीच्या खिंडारातनं भाईर पडायच्या. हातात पिशवी असायची. सर यायच्या आत माघारी. सरास्नी सांगू नको म्हनल्या हुत्या."

नवऱ्याच्या पाठीमागे दर आठवड्याला बाहेर जाणारी बाई आणि परक्या पुरुषाचं नाव असलेला डबा. पोलिसाचं डोकं जिथे जायचं तिथेच माझं गेलं. संशयाने मनुष्य आंधळा होतो म्हणतात, पण पोलीस तर डोळे उघडे ठेवून आंधळा होतो.

मी मुख्याध्यापकांना दोन दिवस ठाण्यात बोलावलं. अंगाला हात लावला नाही, पण बाकावर बसवून ठेवलं. अक्कलकोटच्या एसटीचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं. ते कोण जपून ठेवतं? मी मात्र त्याचा मुद्दा केला. घराची झडती घेतली तेव्हा एक वही मिळाली. शाळेत निकालपत्रक करतात तशी त्यांनी आखली होती. तलावाभोवतीच्या तीन वसाहती, आणि पुढे रकाने: पाणी, रस्ता, भिंत, पहारा, दवाखाना, तलावाचं दृश्य. प्रत्येकाला दहापैकी गुण. भिंतवाली वसाहत पहिली आली होती. दुसऱ्या वसाहतीसमोर बारीक बायकी अक्षरात चार शब्द होते: "इथे आत या म्हणाले." मी ते वाचलं आणि पान उलटलं.

घर घेताना वाद झाला होता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाद कसला, साहेब. तिला ती पलीकडची वसाहत आवडली होती. मी म्हटलं, तिथे रस्ता नाही, उद्या मी आजारी पडलो तर रिक्षासुद्धा आत येणार नाही. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल ते." मी जबाबात लिहिलं, घराच्या निवडीवरून मतभेद.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न विचारला. "सर, तुमच्या मिसेस दर गुरुवारी कोणाला भेटायला जात होत्या?" आणि डबा टेबलावर ठेवून त्यावरच्या नावाकडे बोट केलं.

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले. आवाज शाळेतल्या मुख्याध्यापकांचाच होता. "मी तिला मारलं असं लिहा. मी सही करतो. पण हे तिच्याबद्दल विचारू नका."

मी त्यांना बसायला सांगितलं. माझ्या नोकरीतली मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याच क्षणाची. त्या बाईंचं दहावं-बारावंही झालं नव्हतं, आणि मी त्यांच्या नवऱ्यासमोर त्यांच्या चारित्र्याचा पंचनामा करत होतो.

त्या नावाचा मनुष्य शोधायला मी पथक लावलं होतं. त्या नावाचे दोघे-तिघे शहरात सापडलेही, त्यांना उगाच हेलपाटे झाले. शेवटी मुद्देमालाची नोंद ठेवणाऱ्या आमच्या महिला हवालदार डबा हातात घेऊन म्हणाल्या, "साहेब, एक बोलू का? भांड्यावर मालकाचं नाव नसतंय. देणाऱ्याचं असतंय. हा लग्नातला आहेराचा डबा आहे." मग भिंग आणलं. नावाखालची अक्षरं घासून घासून झिजली होती, पण 'मैंद' एवढं वाचता आलं.

आमच्या घरातही बायकोच्या मामाच्या नावाची ताटं आहेत. वर्षानुवर्षं त्यात जेवतो आहे.

अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीला तो मनुष्य लगेच सापडला. ऐंशीच्या पुढचं वय, डोळ्यांना कमी दिसत होतं. घरात कन्नड चाललं होतं, माझ्याशी मराठीत बोलले. डबा त्यांनी बोटांनी चाचपला, तळाला एक पोचा होता तिथे अंगठा ठेवला. "ह्यो माजाच हाय की. भाचीच्या लग्नात पाच डब्यांची उतरंड दिल्ती. भाची सोलापुरात असती, तळ्याकडं. का ओ, काय झालं?"

भाची राहत होती ती त्या वहीतली दुसरी वसाहत. नवरा चादरीच्या कारखान्यात, घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा. मी डबा दाखवला तर तिचा चेहरा उजळला. "काकूंनी पाठवला व्हय? दोन गुरवार झाले, आल्या न्हाईत. पानी वाढलंय म्हनून असंल म्हनलं."

मला सांगावं लागलं. ती ओट्यावर खाली बसली. मग एकेक सांगत गेली. थंडीत हे दोघं घर बघायला आले होते. ती दारात भांडी घासत होती. पाणी मागितलं म्हणून तिने आत बोलावलं, चहा केला. काकूंना शेंगाची चटणी आवडली, तर तिने डबाभर दिली. एप्रिलमध्ये काकू राहायला आल्या त्या पलीकडे. पण एका गुरुवारी डबा घेऊन चालत आल्या, आत चकल्या होत्या. मग हिने डब्यात काही घालून दिलं, पुढच्या गुरुवारी तो भरून परत आला. असा तो डबा पाच महिने तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जात होता. रस्त्याने लांब पडतं, पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळ्याच्या पोटातून पायवाट होते, तीच त्यांची वाट.

काकूंनी सरांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नका सांगू म्हनायच्या. सरांनी लई बघून घर घेतलंय, मला तितं करमत न्हाय हे कळलं तर त्यास्नी वाईट वाटंल. तितं दारं बंद असत्यात म्हनं सगळ्यांची. हितं ओट्यावर बसल्या की उठायला मागायच्या न्हाईत."

पेपरात बातमी आली होती, तरी तुम्ही कोणी पुढे का आला नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"वाचलं की, साहेब. पन त्यात नवऱ्यावर संशय हाय असं लिव्हलं हुतं. आमच्या काकू तर सारख्या सरांचं कौतिक करायच्या. मग त्या आमच्या काकू कशा असतील, असं वाटलं."

पेपरातलं ते वाक्य मीच वार्ताहराला दिलं होतं.

बाकीचं मग सरळ होतं. गौरीसाठी केलेल्या करंज्या त्या डब्यात होत्या. फराळ शिळा व्हायच्या आत पोचवायचा, म्हणून त्या गुरुवारी निघाल्या. पाणी चढलेलं होतं, पण वरून बघितलं तर घोट्याएवढं वाटावं. उन्हाळ्यात शेतासाठी गाळ काढून नेतात, त्याचे पुरुषभर खोल खड्डे पायवाटेच्या दोन्ही अंगाला होते आणि आता पाण्याखाली गेले होते. चपला चिखलात रुतलेल्या सापडल्या, त्या तशाच एका खड्ड्याच्या काठावर. भावालाही ती जागा दाखवली. त्याने डोक्याचा टॉवेल काढून तोंडाला लावला आणि तक्रार मागे घेतली.

मुख्याध्यापकांना सांगायला मी स्वतः घरी गेलो. तुमच्यावर आता काही नाही, असं आधी सांगितलं, आणि माफी मागितली. त्यांनी हात जोडले. मग बाकीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर वही आणली, ते पान काढलं आणि ते चार शब्द बोटाने झाकले, उघडले, परत झाकले. "हा रकाना मी आखलाच नव्हता," म्हणाले आणि रडले. खुनाच्या संशयातून मी त्यांना सोडवलं होतं, पण त्या बदल्यात जे हातात ठेवलं ते जास्त जड होतं. कुठलंही कोर्ट त्यांना त्यातून मोकळं करणार नव्हतं. घर निवडताना त्यांनी बायकोचीच काळजी केली होती हे मी चार वेळा सांगितलं, पण माझंच मला ते पोकळ वाटत होतं.

आता मी निवृत्त आहे. ओळखीचे लोक विचारतात, तलावाकडे घर घेतोय, कुठली वसाहत सुरक्षित? पोलीस म्हणून त्यांना भिंत, कॅमेरा, पहारा याबद्दल ऐकायचं असतं. मी सांगतो, दुपारच्या वेळी जा आणि कुठल्याही दारात पाणी मागा. आत या म्हणतात का ते बघा, आणि बरोबर बायको असेल तर ती काय म्हणते ते ऐका. 'तुम्ही म्हणाल ते' असं म्हणाली तर तिला परत विचारा. लोक हसतात, चेष्टा वाटते त्यांना.

डब्याचं सांगायचं राहिलं. प्रकरण निकाली निघाल्यावर मुद्देमाल मालकिणीला परत करायचा होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, मी बरोबर आलो तर चालेल का. मी त्यांना जीपमधून रस्त्याने नेलं. वाटेत त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि एकेक करून डब्यात ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा केले होते, निम्मे फुटलेले होते. "तिने रिकामा नेला नसता," एवढंच म्हणाले.

भाचीने डबा दोन्ही हातांनी घेतला, उघडून बघितला, आणि तो घेऊन आत गेली. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी सरांच्या पुढ्यात पाणी ठेवलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली. डबा घासलेला होता आणि शेंगाच्या चटणीने काठोकाठ भरलेला. सरांच्या हातात देताना पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, "परत आना, काका. गडबड न्हाय. पन रस्त्यानं या."